अन्ननलिकेच्या कॅन्सरचं दुर्बिणीचं ऑपरेशन: थ्रीडी, रोबोट की हिरवा रंग?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. वडील ६१ वर्षांचे. घास अडकायला लागला म्हणून एंडोस्कोपी झाली, अन्ननलिकेच्या मधल्या भागात गाठ निघाली, तुकड्याचा रिपोर्ट स्क्वॅमस कार्सिनोमा, म्हणजे नळीच्या आतल्या अस्तराचा कॅन्सर. पाच आठवड्यांचा केमो-रेडिएशनचा कोर्स नुकताच संपला. ऑपरेशनसाठी तीन ठिकाणी दाखवलंत. पहिले म्हणाले, आमच्याकडे थ्रीडी फोर-के कॅमेरा आहे. दुसरे म्हणाले, रोबोट. तिसरे म्हणाले, आम्ही आयसीजीचा, म्हणजे रक्त कुठवर पोचतंय ते दाखवणारा, हिरवा रंग वापरतो, त्यामुळे अन्ननलिका काढल्यावर घातलेला जोड सुटत नाही. तिन्ही अंदाजपत्रकांत लाखांचा फरक. यातलं कोणतं सरस, आणि रोबोटसाठी विहिरीकडचं रान विकावं का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. रान विकू नका. कारणं सांगायला मात्र वेळ लागेल.

मी छातीची आणि अन्ननलिकेची ऑपरेशनं बावीस वर्षं करतोय. सुरुवातीची सगळी बरगड्या फाकवून, नंतरची बहुतेक दुर्बिणीने, अलीकडची काही रोबोटने. या तिघांनी सांगितलेल्या गोष्टींची एकमेकींशी तुलना करणं म्हणजे चष्मा चांगला की बॅटरी असं विचारण्यासारखं आहे. थ्रीडी आणि फोर-के म्हणजे चष्मा, जे दिसतंय ते अधिक नीट दिसतं. आयसीजी म्हणजे बॅटरी, जे डोळ्याला दिसतच नाही ते ती दाखवते. रोबोट म्हणजे सर्जनने बाजूला बसून चालवायचे यंत्राचे हात; त्यात चष्मा आहेच, पण त्याची खरी किंमत हातांची आहे. आणि ज्या चित्रांवरून ऑपरेशन करायचं की नाही हेच ठरतं, ती ऑपरेशनच्या आधीची चित्रं. तुमच्या मेलमध्ये त्यांचा एका ओळीचाही उल्लेख नाही. म्हणून मी तिथूनच सुरू करतो.

रेडिएशननंतर साधारण सहा ते दहा आठवडे थांबून ऑपरेशन करतात. त्याआधी सीटी किंवा पेट-सीटी पुन्हा व्हायला हवा. पेटमध्ये किरणोत्सारी साखर टोचतात, आणि जी जागा ती जास्त ओढते ती स्कॅनवर चमकते. जुन्या सीटीवर ऑपरेशनची तारीख देणारा सर्जन असेल तर तिथेच उठा. मधल्या काळात आजार यकृतात किंवा हाडात गेलेला असू शकतो, आणि तसं असेल तर एवढं मोठं ऑपरेशन करून वडिलांच्या पदरात फक्त त्रास पडेल. लांब पसरलेला आजार शोधायला पेट-सीटीच्या तोडीचं दुसरं काही नाही. पण अन्ननलिकेतली मूळ गाठ गेली की उरली, हे सांगायला तो कच्चा आहे. रेडिएशनने नळी सुजते, सुजलेली जागा साखर ओढते, आणि पेटवर सूज आणि कॅन्सर दोन्ही सारखेच चमकतात.

आपल्याकडे त्यात एक जास्तीची मेख आहे, ती म्हणजे टीबी. छातीच्या मधल्या ग्रंथींमध्ये जुना टीबी असेल तर त्याही पेटवर लखलखतात. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक शेतमजूर आले होते. दुसरीकडे त्यांना 'आजार पसरलाय, आता घास उतरावा म्हणून फक्त नळी घालू' असं सांगून परत पाठवलं होतं, कारण पेटवर श्वासनलिकेच्या दोन्ही बाजूंच्या ग्रंथी पेटलेल्या दिसत होत्या. श्वासनलिकेतून सोनोग्राफीची दुर्बीण घालून त्या ग्रंथींत सुई टोचली, तर निघाला टीबी. गोळ्या सुरू केल्या, कॅन्सरचे उपचार केले, ऑपरेशन झालं. ते पुढे कित्येक महिने तपासणीला येत होते आणि दर वेळी माझ्यासाठी शेंगा आणत होते. तेव्हा पेटच्या चमकेवरून कोणी 'पसरलाय' म्हणालं, तर सुई घालून खात्री केली का, हे विचारायला लाजू नका.

एंडोस्कोपच्या टोकाला सोनोग्राफी असलेली तपासणी, म्हणजे एंडोसोनोग्राफी, गाठ नळीच्या किती थरांत घुसली आहे ते दाखवते. भिंतीचे पाच थर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांसारखे दिसतात. उपचारांआधी ही तपासणी फार कामाची. गाठीने नळी आवळली असेल तर मात्र दुर्बीण पुढेच जात नाही. आणि रेडिएशननंतर व्रणाची जागा आणि उरलेली गाठ दोन्ही सारख्याच काळ्या दिसतात, त्यामुळे तेव्हा तिच्यावर विसंबू नये. नेदरलँड्समधला २०१८ चा प्री-सॅनो नावाचा अभ्यास इथे डोळे उघडतो. केमो-रेडिएशननंतर नेहमीसारखे वरवरचे तुकडे घेतले आणि संशयित ग्रंथींत सुई घातली, तरी चांगला मोठा उरलेला आजार ३१ टक्के रुग्णांत निसटला. तुकडा घेतलेल्या जागीच पुन्हा खोल तुकडा घेतला तेव्हा हे प्रमाण १० टक्क्यांवर आलं.

हे इतकं सांगायचं कारण असं, की वडिलांच्या प्रकारच्या कॅन्सरमध्ये रेडिएशनचा परिणाम अनेकदा फार चांगला होतो. २०१२ च्या क्रॉस चाचणीत ऑपरेशन करून काढलेली नळी तपासली तेव्हा स्क्वॅमसच्या ४९ टक्के रुग्णांत कॅन्सरची पेशी उरलेलीच नव्हती. त्यातून 'मग ऑपरेशन हवंच का' हा प्रश्न उभा राहिला. कडक पाळत ठेवून थांबण्याचा पर्याय २०२५ मध्ये छापून आलेल्या सॅनो चाचणीत दोन वर्षांच्या आयुष्यमानात ऑपरेशनच्या मागे पडला नाही. पण त्यात पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी एंडोस्कोपी, तुकडे, स्कॅन असतात. गावाहून येऊन हे काटेकोर जमणार असेल तर तुमच्या सर्जनशी या पर्यायावर जरूर बोला. 'बरं वाटतंय' म्हणून तपासणी चुकवणारा रुग्ण असेल तर मी स्वतः ऑपरेशनच सुचवतो.

आता साधा सीटी. सगळ्यात स्वस्त, सगळ्यात दुर्लक्षित. गाठ महाधमनीच्या परिघाला ९० अंशांहून जास्त बिलगलेली दिसली तर घुसल्याचा संशय घ्यायचा आणि ४५ हून कमी असेल तर बहुधा सुटेल, असा १९८३ पासूनचा आडाखा आहे. मधल्या जागेत अनुभव लागतो. श्वासनलिकेशी लगट असेल तर ब्रॉन्कोस्कोपी करून आतून पाहायचं.

या सीटीने मला एकदा चांगलंच शिकवलंय. सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. दुर्बीण छातीत होती, मी उजव्या बाजूची आवाजाची नस शोधत होतो. ही नस उजव्या हाताकडे जाणाऱ्या धमनीला वळसा घालून वर जाते, तिथेच ती सापडते. त्या दिवशी नस सापडेना. वीस मिनिटं गेली. मग अन्ननलिकेच्या मागून, जिथे काही नसायला हवं तिथून, एक जाड धमनी ठोके देत जाताना दिसली. हात थांबवला, सीटी पुन्हा लावायला सांगितला. उजव्या हाताची धमनी महाधमनीच्या डाव्या टोकापासून निघून अन्ननलिकेमागून येत होती. शंभरात एखाद्यात किंवा त्याहूनही कमी जणांत असं असतं, आणि अशा माणसात ती नस वळसा घालतच नाही, मानेतूनच सरळ स्वरयंत्राकडे जाते. सीटीत सगळं स्वच्छ दिसत होतं. रिपोर्टात लिहिलं नव्हतं आणि मी फिल्म न बघता रिपोर्ट वाचला होता. कसलंही नुकसान न होता ऑपरेशन झालं, पण तेव्हापासून मी आदल्या रात्री सगळ्या चकत्या स्वतः बसून बघतो. डॉक्टर बदलताना तुम्हीही रिपोर्टाच्या कागदाबरोबर सीडी घेऊन जा.

आता ऑपरेशनच्या खोलीत येऊ.

अन्ननलिका साधारण २५ सेंटिमीटरची, पण तिचा शेजार वाईट. पुढे श्वासनलिका आणि हृदय, मागे मणका, डावीकडे महाधमनी, उजवीकडे अझायगॉस शीर. आतड्याला बाहेरून जे गुळगुळीत आवरण असतं ते तिला नाही, त्यामुळे गाठ शेजारी लवकर चिकटते. डाव्या आवाजाच्या नसेलगतच्या ग्रंथी स्क्वॅमस कॅन्सरमध्ये काढाव्याच लागतात, आणि ती नस दोऱ्यासारखी, जरा ओढली तरी रुसणारी. आवाज बसणं हा त्रासाचा लहान भाग. खरा धोका असा, की रुग्णाला नीट खोकता येत नाही, गिळलेलं श्वासात जातं आणि न्यूमोनिया होतो. इथे चित्र किती स्वच्छ दिसतं याला महत्त्व आहे.

आणि चित्र स्वच्छ करणारी सगळ्यात मोठी गोष्ट कॅमेरा नाही. रुग्णाला कसं झोपवलंय, ती आहे. पालथं झोपवलं की फुफ्फुस आपल्या वजनाने खाली पडतं, रक्त साचतं तेही समोर न साचता खाली जातं, आणि थोडा कार्बन डायऑक्साइड भरला की अन्ननलिका ताटात वाढल्यासारखी समोर येते. स्कॉटलंडच्या कुशिएरी यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ही वाट दाखवली. कोइंबतूरच्या डॉ. पलानीवेलू यांनी पालथ्या स्थितीतल्या १३० ऑपरेशनांचा अनुभव २००६ मध्ये मांडला तेव्हा जगभरच्या सर्जनांनी ती उचलली. याच स्थितीत दुर्बिणीने केलेलं ऑपरेशन आणि उघडं ऑपरेशन यांची तुलना युरोपातल्या टाइम चाचणीने ११५ रुग्णांत केली. पहिल्या दोन आठवड्यांत फुफ्फुसाचा संसर्ग उघड्यात २९ टक्के, दुर्बिणीत ९ टक्के. हा निकाल २०१२ चा आहे, म्हणजे तुमच्या अंदाजपत्रकातला महागडा कॅमेरा नसतानाचा. दुर्बीण की उघडं, हा फरक मोठा. त्यापुढचे फरक लहान होत जातात.

फोर-के म्हणजे पडद्यावर सुमारे ८३ लाख ठिपके, फुल एचडीच्या चौपट. बारीक केशवाहिन्या, नसेवरचं पातळ आवरण, चरबी आणि ग्रंथी यांच्या रंगातला किंचितसा फरक हे खरोखर छान दिसतं. पण पडदा मोठा हवा आणि सर्जन त्याच्या जवळ हवा. लहान पडदा लांब लावला तर चौपट ठिपक्यांचा काही उपयोग नाही. थ्रीडीत खोली कळते. टाके घालताना, सुई पकडताना ती फार उपयोगी पडते आणि शिकणाऱ्यांचा हात लवकर बसतो. जुन्या सर्जनांनी सपाट पडद्यावर सावल्या आणि हालचालीवरून खोली ओळखायची सवय लावून घेतलेली असते, त्यांना तेवढा फरक पडत नाही. थ्रीडीचे चष्मे घालून चार तासांत काहींचं डोकं दुखतं, आणि काहींच्या डोळ्यांना मुळात थ्रीडी जाणवतच नाही. साध्या तिरक्या दुर्बिणीचा दांडा फिरवून कोपऱ्याआड डोकावता येतं. थ्रीडी दुर्बीण तशी फिरवली तर चित्रच कलंडतं, त्यासाठी टोक वाकणारी वेगळी दुर्बीण लागते. मला स्वतःला छातीत फोर-के आणि जोड शिवताना थ्रीडी आवडतं. पण ही माझी आवड झाली, रुग्णाने तिचे जास्तीचे पैसे द्यावेत असं मला वाटत नाही.

एक गंमत सांगतो. कितीही भारी कॅमेरा आणा, काचेवर वाफ धरली की सगळं धुकं. आमच्या सिस्टर थर्मासमध्ये गरम सलाईन ठेवतात आणि दुर्बीण दर थोड्या वेळाने त्यात बुडवून पुसून देतात. पाहुण्या सर्जनांनी आमचा थर्मास बघून 'तुमचं चित्र इतकं स्वच्छ कसं' असं विचारलेलं आहे.

रोबोटमध्ये चित्र थ्रीडीच असतं, मोठं करून दिसतं, आणि कॅमेरा सर्जनच्या स्वतःच्या ताब्यात असल्याने हलत नाही. हात मनगटासारखे वळतात. छातीच्या वरच्या अरुंद तोंडाशी, डाव्या नसेजवळ, याचा फायदा मला जाणवतो. तोटा हा की बहुतेक यंत्रांत ओढ हाताला कळत नाही, किती ताणलंय ते डोळ्यांनीच ओळखावं लागतं. आता पुरावा. माहितीपत्रकांत नेदरलँड्समधल्या उट्रेख्टच्या २०१९ च्या चाचणीचे आकडे हमखास असतात, एकूण गुंतागुंती रोबोटमध्ये ५९ टक्के आणि दुसऱ्या गटात ८० टक्के. तो दुसरा गट छाती उघडून केलेल्या ऑपरेशनचा होता, दुर्बिणीचा नव्हे, हे सांगायचं राहून जातं. रोबोट विरुद्ध दुर्बीण अशी थेट तुलना चीनमध्ये स्क्वॅमस कॅन्सरच्या साडेतीनशेहून अधिक रुग्णांत झाली आणि २०२२ मध्ये छापली गेली. रोबोटने वेळ सुमारे ४० मिनिटं वाचला, आधी उपचार घेतलेल्यांत जास्त ग्रंथी निघाल्या. गुंतागुंतींत ठळक फरक नव्हता. चाळीस मिनिटांसाठी रान विकायचं नसतं.

राहिला हिरवा रंग. यात मी जरा रेंगाळणार आहे, कारण तिघांपैकी याच वस्तूचा मला मनापासून आदर आहे, आणि याच वस्तूबद्दल तुम्हाला सगळ्यात चुकीचं सांगितलं गेलंय.

अन्ननलिका काढल्यावर जठराची लांबट नळी करून ती वर छातीत किंवा मानेपर्यंत नेतात आणि उरलेल्या अन्ननलिकेला जोडतात. जठराच्या इतर धमन्या कापलेल्या असतात. उजव्या बाजूने कडेकडेने येणारी एकच मुख्य धमनी उरते, आणि तीही वरच्या टोकापर्यंत पोचत नाही. शेवटच्या काही सेंटिमीटरला रक्त आतल्या बारीक जाळ्यातून झिरपत जातं. शेताच्या टोकाला पाटाचं पाणी पोचतं की नाही, तसाच हा मामला. जोड घालायचा नेमका त्या टोकाशी. रक्त पुरेसं नसेल तर जोड सुटतो, आणि छातीतला जोड सुटणं हे या ऑपरेशनातलं सगळ्यात भयंकर दुखणं. १४ देशांतल्या २४ मोठ्या केंद्रांनी २,७०४ ऑपरेशनांची नोंद एकत्र केली तेव्हा जोड सुटण्याचं प्रमाण ११.४ टक्के आणि न्यूमोनियाचं १४.६ टक्के निघालं. ही नावाजलेली केंद्रं आहेत, लक्षात घ्या.

पूर्वी आम्ही टोकाचा रंग बघायचो, गुलाबी की निळसर, आणि कापल्यावर लाल रक्त येतं का ते. त्यात फसगत व्हायची. आयसीजी हा हिरवा रंग शिरेतून दिला की तो रक्तातल्या प्रथिनांना चिकटतो, आणि ८०० नॅनोमीटरच्या आसपासचा अदृश्य प्रकाश टाकला की चमकतो. साधा डोळा तो पाहू शकत नाही, खास कॅमेरा पाहतो. जठराच्या मुळापासून उजेडाची लाट वर सरकताना दिसते आणि एका ठिकाणी ती रेंगाळते. त्या रेषेच्या वर जोड घालू नये. मुळाशी चमक आल्यापासून ९० सेकंदांच्या आत जो भाग उजळतो तिथेच जोडा, असा नियम जपानी सर्जनांनी सुचवला, मीही घड्याळ लावून तोच पाळतो. लॉस एंजेलिसच्या १५० रुग्णांच्या २०१५ मधल्या अभ्यासात चांगल्या उजळलेल्या जागी घातलेला जोड २ टक्के रुग्णांत सुटला, अंधुक जागी घातलेला ४५ टक्क्यांत. मात्र त्यात रुग्णांची चिठ्ठ्या टाकून विभागणी नव्हती. ज्यांची नळी आखूड पडली किंवा रक्तवाहिन्या मुळात खराब होत्या त्यांचा जोड अंधुक जागी गेला, असंही असेल.

म्हणून 'आयसीजी वापरलं की जोड सुटत नाही' हे वाक्य खोटं आहे. रंग धमनीचं येणारं रक्त दाखवतो, शिरेतून परत न जाणारं, तुंबणारं रक्त तितकं नीट दाखवत नाही. कॅमेरा जवळ नेला की सगळंच उजळ, लांब नेला की अंधुक. रक्तदाब खाली असेल किंवा भूलतज्ज्ञांनी दाब वाढवायचं औषध चालू ठेवलं असेल तर लाट उशिरा येते. ताण, पोषण, साखर, सिगारेट यांचं तर त्यात काहीच दिसत नाही. छोट्या गोष्टीही सांभाळाव्या लागतात. कुपीतली पूड सलाईनमध्ये नव्हे, निर्जंतुक पाण्यात कालवायची आणि सहा तासांत वापरायची. आयोडीनची ॲलर्जी आधी विचारायची. रंग देताना भूलतज्ज्ञांना सांगायचं, कारण बोटावरचं ऑक्सिजनचं यंत्र क्षणभर आकडा खाली दाखवतं आणि न सांगता दिलं तर ऑपरेशनच्या खोलीत उगाच धांदल उडते. कॅमेरा आधीच असेल तर एका कुपीचा खर्च बाकीच्या बिलापुढे किरकोळ आहे. तरीही कोणी 'आयसीजी पॅकेज' म्हणून मोठी रक्कम लावली असेल तर कशाची, ते विचारा.

याच रंगाचा दुसरा उपयोग म्हणजे छातीतली लसिकेची मुख्य नळी, म्हणजे आतड्यातली चरबी रक्तापर्यंत नेणारी नळी, दाखवणं. ती दुखावली तर दुधासारखा द्रव दिवसाला लिटरच्या हिशोबात गळू शकतो. जांघेत रंग टोचला की काही वेळाने ती छातीत चमकते. पूर्वी यासाठी पोटात घातलेल्या नळीतून दुधाची साय देत, मग लसिकेची नळी पांढरी दिसे. प्रत्येकात हे लागतंच असं नाही.

आता तुमच्या कामाचं. तिन्ही ठिकाणी पुन्हा जा आणि कॅमेऱ्याबद्दल एक शब्द विचारू नका. विचारा, अन्ननलिकेची ऑपरेशनं वर्षाला किती करता, गेल्या वर्षी किती जोड सुटले, आणि सुटला तर रात्री दोन वाजता एंडोस्कोपी, सीटी आणि आयसीयू तुमच्याच इमारतीत आहे का. आकडा सांगताना जो सर्जन 'आमच्याकडे एकही नाही' म्हणेल त्याने एकतर फार थोडी ऑपरेशनं केलीत किंवा मोजलेली नाहीत. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत यातलं कोणतं रुग्णालय बसतं, ते तिथल्या आरोग्यमित्राला पैसे भरण्याआधी विचारा. तुम्ही लिहिलंय त्यावरून मला तिसरं ठिकाण बरं वाटतंय. हिरव्या रंगामुळे नव्हे, तर त्यांनी वडिलांना वजन करून, आहारतज्ज्ञांकडे पाठवून, श्वास ओढायचं तीन गोळ्यांचं यंत्र देऊन घरी धाडलं म्हणून. बाकी दोघांनी वजन केलं का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. ते यंत्र रोज तासातासाला ओढायला लावा, आणि तंबाखूची डबी घरातून आजच बाहेर काढा.